पाच सेकंद आणि सहा सेकंद: शाळेत रस्ता कसा शिकवायचा

आमच्या शाळेच्या फाटकापासून बरोबर शंभर मीटरवर, राज्यमार्गाच्या कडेला, कडुनिंबाचं एक जुनं झाड आहे. दरवर्षी आठवीच्या मुलांना घेऊन मी फाटकाच्या आत, कुंपणाला लागून उभी राहते आणि विचारते, "गाडी त्या झाडापाशी दिसली की आपल्यासमोर यायला तिला किती सेकंद लागतील?" उत्तरं ठरलेली असतात. दहा, बारा. एखादा छातीठोकपणे पंधरा म्हणतो. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं. झाडापाशी बोलेरो येते, मुलं ओरडतात "आता!", आणि ती समोरून सुसाट निघूनही जाते. पाच सेकंद. पुढची गाडी साडेचार. एसटीला सात लागतात.

त्यानंतर आम्ही मैदानावर जातो. रस्ता सात मीटर रुंद आहे, म्हणून तेवढ्या अंतरावर फक्कीच्या दोन रेषा मारायच्या आणि पाठीवर दप्तर घेऊन एका रेषेपासून दुसरीपर्यंत रोजच्या चालीने चालायचं. बहुतेकांना सहा सेकंद लागतात. फळ्यावर मी एवढंच लिहिते: गाडी पाच, आपण सहा. एरवी तासाला चुळबुळ करणारी पोरंही त्या दोन आकड्यांकडे बघत गप्प बसतात, कारण रोज ती त्याच झाडापाशी गाडी दिसत असताना रस्ता ओलांडत असतात.

मी विज्ञान शिकवते आणि आरएसपी, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोलचं शाळेतलं पथकही सांभाळते. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की शाळाशाळांत चित्रकला, घोषवाक्यं, निबंध यांच्या स्पर्धा होतात, प्रभातफेरी निघते, मुलं शपथ घेतात. यातलं काहीच वाईट नाही. पण लाल म्हणजे थांबा हे सांगता येणाऱ्या मुलाला रस्ता ओलांडता येतोच असं नाही. माहिती वेगळी आणि सवय वेगळी. सायकलचे भाग पाठ करून कोणी सायकल शिकत नाही. रस्त्याचंही तसंच आहे, आणि हा लेख लिहायचं कारणही तेच.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली 15 हजारांहून अधिक महाराष्ट्रातली. अठराच्या आतली मुलं साडेनऊ हजारांच्या आसपास, म्हणजे रोज एका वर्गातली निम्मी पोरं. जगाचा हिशोब मांडणारी जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 29 या वयात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ते अपघात हेच आहे. मुलांना लसी देताना आपण जेवढे दक्ष असतो, तेवढे रस्त्याबाबत का नसतो, हे मला अजून कळलेलं नाही.

लहान मुलाला गाडी दिसते, वेग दिसत नाही

"अरे, डोळे आहेत ना तुला?" असं आपण मुलाला रागावतो. डोळे असतात, पण काम अर्धंच करत असतात. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे हे आपल्याला कसं कळतं? तिची आकृती डोळ्यात मोठी होत जाते, आणि ती किती भराभर मोठी होतेय यावरून मेंदू वेगाचा अंदाज बांधतो. गाडी लांब असेल आणि वेगात असेल तर ही वाढ सुरुवातीला इतकी बारीक असते की मोठ्यांनाही ती जेमतेम जाणवते. लहान मुलांच्या मेंदूला ती जाणवतच नाही. लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांची ही क्षमता मोजली आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: ताशी सुमारे 32 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारी गाडी आपल्या दिशेने येतेय हेच या वयाच्या मुलांच्या ध्यानात न येण्याची शक्यता असते. गाडी उभी आहे असं वाटून मूल पाऊल टाकतं. याला बेफिकिरी म्हणता येणार नाही. त्याच्या लेखी रस्ता मोकळाच असतो.

स्वीडनमध्ये स्टिना सँडेल्स या बालमानसतज्ज्ञ बाईंनी 1960च्या दशकातच हे सांगितलं होतं की मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे आणि कितीही पढवलं तरी लहान मुलाकडून मोठ्यांसारखं रस्त्यावर वागणं होणार नाही. चेंडू गेला की मूल चेंडूमागे जातं. आई पलीकडे दिसली की आईकडे धावतं. त्या क्षणी त्याच्या लेखी रस्ता नसतोच.

याचा व्यवहारात अर्थ काय? तिसरी-चौथीपर्यंतच्या मुलावर अंदाजाचं ओझं टाकायचंच नाही. "गाडी लांब असेल तर जा" हे वाक्य त्यांच्यासाठी बाद. "गाडी दिसतेय तोवर थांब" हे ठीक. मोठ्यांनी हात धरताना बोट देऊ नये, मनगट धरावं. बोट सुटतं, मनगट सुटत नाही. आणि मूल रस्त्याच्या कडेला, आपण गाड्यांच्या बाजूला.

मग या वयात शिकवायचं काहीच नाही का? आहे, पण ते बाकावर बसवून शिकवता येत नाही. स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या ड्रमचॅपल भागात 1990च्या दशकात एक साधा प्रयोग झाला. त्याचं नाव कर्बक्राफ्ट. पाच ते सात वर्षांच्या मुलांना दोघा-तिघांच्या गटाने खऱ्या रस्त्याच्या कडेला नेत. नेणारे शिक्षकही नव्हते, त्याच वस्तीतले प्रशिक्षण घेतलेले आईवडील. नियम सांगायचे नाहीत, प्रश्न विचारायचा: "इथून ओलांडावं का? का नको? मग कुठून?" ओलांडायला सुरक्षित जागा शोधणं, उभ्या गाड्यांमधून ओलांडणं, चौकाजवळ ओलांडणं, एवढीच तीन कौशल्यं आठवड्यामागून आठवडे घोटून घेतली. मुलांच्या वागण्यात फरक पडला आणि बराच काळ टिकला. पुढे ही पद्धत ब्रिटनमध्ये इतरत्रही गेली. नेदरलँड्समध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांची सायकलची लेखी परीक्षा होते आणि खऱ्या रस्त्यावर प्रात्यक्षिकही होतं. आपल्याकडे नागपुरात धरमपेठेत मुलांसाठी ट्रॅफिक पार्क आहे, नाशिकमध्येही आहे. तिथे सहल काढता आली तर जरूर काढावी. पण तालुक्याच्या शाळेला पार्कची वाट बघायची गरज नाही, फाटकाबाहेरचा रस्ता पुरतो. आत उभं राहूनही अर्धा अभ्यास होतो.

आमच्या रस्त्याचे धडे

परदेशातली तीन कौशल्यं जशीच्या तशी आमच्या कामाची नाहीत. आमच्या मुलांचे धोके वेगळे आहेत.

पहिला एसटीचा. मूल गाडीतून उतरतं आणि गाडीच्या पुढून पलीकडे पळतं. थांबलेल्या एसटीला ओव्हरटेक करणारा मोटारसायकलवाला त्याला दिसत नाही, त्यालाही मूल दिसत नाही. नियम एकच: गाडी जाऊ द्यायची, रस्ता दोन्हीकडे स्वच्छ दिसू लागला की आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघून ओलांडायचं. उजवीकडे आधी का? आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे ओलांडताना पहिली गाडी अंगावर येते ती उजवीकडूनच. कारण सांगितलं की मुलं विसरत नाहीत.

हा धडा पक्का करण्यासाठी आम्ही शाळेची बस मैदानात आणून उभी करतो, इंजिन बंद, चावी चालकाच्या खिशात. मग एकेका मुलाला चालकाच्या सीटवर बसवायचं आणि बाकीच्यांना बसच्या सभोवती उभं करायचं. मागच्या वर्षी सहावीतली एक मुलगी वर चढली. मी खालून विचारलं, "किती जण दिसतात गं?" ती मान उंच करून मोजायला लागली. "नऊ, मॅडम." खाली चौदा मुलं होती. बंपरला टेकून उभी असलेली तिघं तिला दिसतच नव्हती, आणि दोघं मागच्या चाकाशी होती. तिची सख्खी मैत्रीण त्या पुढच्या तिघांत होती, हात हलवत होती. ती खाली उतरली आणि मैत्रिणीला म्हणाली, "अगं, तू नव्हतीसच." तेव्हापासून त्या दोघी बसच्या नाकासमोरून कधी गेलेल्या नाहीत. मी एक तास व्याख्यान देऊन हे झालं नसतं. चालकदादा आपल्याला बघतोय ही मुलांची ठाम समजूत असते, ती सीटवर बसल्याशिवाय मोडत नाही.

दुसरा धोका उसाचा. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने झाकलेला. सायकलवरची मुलं अंधारात थेट ट्रॉलीवर जाऊन आदळतात. शिवाय वळणावर आणखी एक गंमत नसलेली गोष्ट घडते. ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. एका पालकांनी यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली मैदानात आणली. टायर पाण्याने ओले केले आणि त्यांनी हळूहळू एक वळण घेतलं. कोरड्या मातीवर दोन वेगळ्या ओल्या वाटा उमटल्या. पुढच्या चाकांची बाहेरून, ट्रॉलीची कितीतरी आतून. मुलं त्या दोन वाटांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि आपोआप मागे सरकली. वळणावर आतल्या बाजूला सायकल घालायची नाही, हे सांगावं लागलं नाही. सायकलच्या मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि दप्तराला चमकणारी पट्टी, हे दोन्ही मिळून दोन-चार वडापावांइतक्या खर्चात होतं.

तिसरा मुद्दा चालण्याचा, आणि इथे आपल्या पिढ्यांना अर्धवट शिकवलं गेलं आहे. "नेहमी रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला." वाहनाला हे लागू आहे. पायी माणसाला, जिथे फूटपाथ नाही तिथे, उजवी बाजू बरी. डावीकडून चाललं तर गाडी पाठीमागून येते, आणि पाठीला डोळे नाहीत. उजवीकडून चाललं तर जवळच्या लेनमधली गाडी समोरून येताना दिसते आणि बाजूला व्हायला वेळ मिळतो. आंधळ्या वळणावर मात्र जिकडून लांबचं दिसेल ती बाजू घ्यावी. दोघा-तिघांनी गळ्यात हात टाकून आडवं पसरून चालायचं नाही, एकामागे एक. मुलांना हे आवडत नाही, पण शाळा सुटल्यावरच्या पहिल्या दोनशे मीटरवर तरी आरएसपीची मुलं ते करून घेतात.

नववीच्या पुस्तकातलं हेल्मेट

नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे. तो शिकवताना रस्ता वेगळा शिकवावा लागत नाही. ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर. समोर काही आलं हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, तेवढ्यात सव्वाआठ मीटर गेले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पुढे ब्रेक लागून थांबायला आणखी पाच मीटर. म्हणजे तेरा-साडेतेरा. आता वेग दुप्पट, 60. मुलं म्हणतात सत्तावीस. येतात सदतीसच्या आसपास, कारण विचारात जाणारं अंतर दुप्पट होतं पण ब्रेकचं अंतर चौपट. वेगाचा वर्ग ही पुस्तकातली राशी इथे अंगावर येते. पावसात तर याहून लांब.

हेच उंचीत सांगितलं की घरच्यांनाही कळतं. ताशी 30च्या धडकेत जेवढा मार बसतो तो साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडण्याएवढा. 60ची धडक म्हणजे चौदा मीटर, चार मजल्यांहून उंच. कठडा नसलेल्या चौथ्या मजल्याच्या गच्चीवर आपण पोराला एकटं सोडू का?

हेल्मेट आत काय करतं हेही त्याच धड्यात आहे. क्रिकेटचा झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो. चेंडू थांबायला जास्त वेळ मिळतो, म्हणून हाताला बसणारं बल कमी होतं. हेल्मेटच्या कवचाच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो, तो धडकेत चेपतो. तो चेपला जाईपर्यंतचे काही सहस्रांश सेकंद म्हणजे हात मागे नेणं. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही, आतला थर एकदाच चेपतो. आणि म्हणूनच नुसती टोपीसारखी प्लास्टिकची वाटी उपयोगाची नाही, आयएसआय खूण बघूनच घ्यायचं. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोहोचतं. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट हवं. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळासाठीही फेब्रुवारी 2023 पासून हेल्मेटचा नियम लागू झाला आहे. चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेसही हवा आणि गाडी 40च्या आत. बाळाला पेट्रोलच्या टाकीवर बसवून नेणाऱ्या बापाला हे मी फाटकाशीच सांगते. राग येतो त्यांना. येऊ दे.

दहावीनंतरचा अवघड भाग

लहान मुलाला वेग कळत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला उत्तम कळतो, आणि तरी तो सुसाट जातो. म्हणून त्याला लहान मुलाचाच धडा पुन्हा दिला तर तो हसतो. अमेरिकेत टेंपल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुणांना संगणकावर गाडी चालवायला लावली. एकदा एकट्याने, एकदा मित्र बघत असताना. मित्र असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला, प्रौढांमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणजे धोका मुलाच्या अज्ञानात कमी, मागच्या सीटवर जास्त बसलेला असतो. ट्रिपल सीट क्लासला निघालेल्या पोरांकडे या नजरेने बघा.

गाडीवरचं कसब वाढवणं हाही उपाय वाटतो, पण तिथे सावध राहायला हवं. नॉर्वेमध्ये नवख्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं शिक्षण दिलं, तर तरुण पुरुषांचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढले. आपल्याला जमतं असा विश्वास आला आणि पाय ॲक्सिलरेटरवर जड झाला. म्हणून माझ्या मते शाळेने या वयाला कसरती शिकवू नयेत, नाही म्हणायला शिकवावं. आम्ही अकरावीत खरंच तालीम घेतो. एक जण गाडीवर, दुसऱ्याने उतरायचं कसं ते बोलून दाखवायचं. "तू घाई करतोयस" म्हटलं की भांडण होतं. "मला मळमळतंय, थांब जरा" म्हटलं की गाडी थांबते. मुलांनी स्वतः शोधलेली वाक्यं माझ्यापेक्षा चांगली असतात.

कायदा पालकांच्या बैठकीत सांगावा, मुलांच्या वर्गात नव्हे, कारण किल्ली पालकांच्या हातात असते. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 199अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. "आम्हाला माहीतच नव्हतं" हे पालकांनाच सिद्ध करावं लागतं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो हे अर्धसत्य आहे. तो 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा, आणि दारात उभी असते ती स्कूटर 110 किंवा 125ची. विजेवरच्या गाडीला परवाना लागत नाही हेही फक्त 250 वॉटच्या आतल्या, ताशी 25च्या पुढे न जाणाऱ्या गाडीला खरं. "गावातल्या गावात तर जातो" या वाक्याला माझ्याकडे उत्तर म्हणून कडुनिंबाच्या झाडाचे पाच सेकंद आहेत.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप आहे. त्याला सुरुवातीला जामीन देताना घातलेल्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता, आणि त्यावर अख्खा महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्तच होता. पण त्या दिवशी मला आमच्या जानेवारीतल्या निबंध स्पर्धेची आठवण झाली, आणि त्या वर्षीपासून निबंधाच्या जागी आम्ही फाटकावरची मोजणी सुरू केली.

अपघात झालेला दिसला तर काय करायचं, हे मात्र सगळ्या वयांना सांगून ठेवावं. आधी स्वतः रस्त्यावरून बाजूला. मग मोठ्या माणसाला हाक, 108 किंवा 112 ला फोन. जखमीला ओढायचं, बसवायचं, पाणी पाजायचं नाही. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, असं संरक्षण कायद्याच्या 134अ कलमाने दिलं आहे. पोलिसांच्या लफड्याच्या भीतीने थांबणारे हात यामुळे पुढे यावेत.

आणि शाळेने स्वतःकडेही बघावं. 2011च्या स्कूल बस नियमांनुसार राज्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालक, पोलीस, आरटीओचे प्रतिनिधी. पालकांनी पुढच्या सभेत एवढंच विचारावं की समितीची मागची बैठक कधी झाली आणि त्यात काय ठरलं. आमच्याकडे एका बैठकीत ठरलं की पालकांच्या गाड्या फाटकापासून शंभर पावलांवर, मारुतीच्या पटांगणात थांबतील. पहिला आठवडा कटकटीचा गेला. आता फाटकासमोर रस्ता दिसतो.

या वर्षी आठवीच्या मुलांनी त्यांच्या मोजणीचा तक्ता केला: तारीख, वेळ, गाडीचा प्रकार, झाडापासून फाटकापर्यंतचे सेकंद. सहाच्या आत आलेल्या गाड्या लाल शाईत. तो तक्ता जोडून त्यांनी फाटकाच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक आणि झेब्रा पट्टे मागणारा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि पोच आणली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मोजणी अजून चालू आहे. गतिरोधक झाल्यावर आकडे किती बदलतात ते बघायचं, असं त्यांचं ठरलंय.